ओपन टपाची जुनी गाडी रिस्टोअर करताना रंग मूळचा ठेवायचा की बदलायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपती गेले की मेसेज सुरू होतात, कारण पाऊस ओसरायला लागतो, पेंटर मोकळा होतो, आणि गॅरेजात नुसता पत्रा होऊन पडलेल्या गाडीला रंग कुठला मारायचा हे आता ठरवावंच लागतं. जे प्रश्न फिरून फिरून येतात ते इथे एकत्र लिहिलेत. सगळं कन्व्हर्टिबल, म्हणजे टप खाली पडणाऱ्या गाड्या धरून आहे. बंद गाडीला बरंचसं लागू पडेल, पण टप, सीट आणि दरवाजाच्या आतल्या रंगाचं गणित ओपन गाडीत वेगळंच असतं.

१. मूळ रंग म्हणजे नक्की कुठला धरायचा? मी घेतली तेव्हा होता तो, की फॅक्टरीतून आला तो?

फॅक्टरीतून निघताना त्या चेसिस नंबरवर जो होता तो. मी त्याला जन्माचा रंग म्हणतो. त्याच्या खालोखाल कॅटलॉगचा रंग, म्हणजे त्या वर्षी त्या मॉडेलला कंपनी देत होती पण तुमच्या गाडीला दिला नव्हता असा. आणि तिसरा बाहेरचा, जो त्या गाडीला तेव्हा कधी मिळतच नव्हता. आता १९६२ ला एमजी कंपनीची एमजीबी ही छोटी ब्रिटिश ओपन गाडी आली तेव्हा टार्टन रेड, आयरिस ब्लू, ओल्ड इंग्लिश व्हाइट असे रंग मिळायचे. आयरिस ब्लू जन्मलेली गाडी तुम्ही टार्टन रेड केलीत तर तो कॅटलॉगचा झाला, आणि आजच्या एसयूव्हीचा मॅट ग्रे मारलात तर बाहेरचा. खाली सगळीकडे हेच तीन शब्द वापरलेत. गाडीवाल्यांचे निम्मे वाद एवढ्यावरच होतात की एक जण जन्माचा म्हणत असतो आणि दुसरा कॅटलॉगचा.

२. थोडक्यात सांगा ना, ठेवू की बदलू?

आधी जन्माचा रंग शोधा, सापडला की मग ठरवा. शोधायच्या आधी ठरवू नका, एवढंच माझं ठाम म्हणणं आहे. सापडला आणि तुम्हाला तो अगदीच नकोसा नसेल तर तोच करा, कारण ओपन गाडीत बॉडी, टप, सीट आणि कार्पेट कंपनीने एकत्र बसवून दिलेलं असतं, त्यातलं एक हललं की बाकीचं विस्कटतं (प्रश्न ८ बघा). नकोसाच असेल तर कॅटलॉगमधला घ्या. आणि काहीही केलंत तरी जुना रंग कुठला होता, कुठे सापडला, नवा कुठल्या नंबरचा मारला हे फोटोसकट लिहून गाडीच्या फाइलला लावा. रंग बदलणं हे पाप नाही. पत्रा सगळा घासून मागचा पुरावा पुसायचा आणि पुढच्या माणसाला काहीच कळू द्यायचं नाही, हे मात्र वाईट, कारण ते परत आणता येत नाही.

३. जन्माचा रंग कागदावर कुठे सापडतो?

प्रत्येक कंपनीचं वेगळं आहे. मर्सिडीजच्या १९० एसएल किंवा पगोडा म्हणजे २३०, २५०, २८० एसएलला डेटा कार्ड, म्हणजे फॅक्टरीचं तपशिलाचं कार्ड, असतं आणि गाडीवर पुढे रेडिएटरच्या वरच्या पट्टीजवळ छोटी प्लेट असते, तिच्यावर रंगाचा नंबर असतो. ०५० म्हणजे पांढरा, ०४० काळा, १८० म्हणजे सिल्व्हर ग्रे मेटॅलिक, ५६८ सिग्नल रेड. दोन नंबर दिसले तर गोंधळू नका, दुसरा हार्डटॉपचा, म्हणजे वरून बसवायच्या कडक टपाचा असतो, पगोडाला हार्डटॉप वेगळ्या रंगाचा मागवता यायचा. ट्रायम्फला कमिशन प्लेट असते, तिच्यावर पेंट आणि ट्रिम (सीट, दरवाजाचं आतलं अस्तर) दोन्हीचे नंबर, पेंटला १९ पांढरा आणि ३२ सिग्नल रेड. जनरल मोटर्सच्या अमेरिकन गाड्या, शेवरोले वगैरे, यांना बोनेट उघडलं की फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीवर, पत्र्याची प्लेट मिळते, तिच्यावर पेंट आणि ट्रिम. फोक्सवॅगनच्या रंगाला एल लावून नंबर असतो, एल ४१ काळा, एल ८७ पर्ल व्हाइट.

प्लेट नसली तरी कागद मागवता येतात. एमजी, ट्रायम्फ, ऑस्टिन-हिली असेल तर इंग्लंडमध्ये गेडन इथल्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून हेरिटेज सर्टिफिकेट मिळतं, जग्वारसाठी जग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्ट आहे, फोक्सवॅगनसाठी त्यांच्या वोल्फ्सबुर्गच्या म्युझियमकडून गाडीचा जन्मदाखलाच मिळतो. जग्वारच्या दाखल्यावर बॉडीबरोबर ट्रिमचा आणि टपाचा रंगही येतो, ओपन गाडीवाल्याला सोन्याहून मोलाचं. पैसे लागतात, थोडे दिवस थांबावं लागतं, पण सगळ्या रिस्टोरेशनच्या खर्चात हा खर्च दिसणारही नाही, त्यामुळे पत्र्याचं काम चालू असतानाच अर्ज करून टाका.

४. प्लेट गेलीय आणि गाडीवर पाच वेळा रंग बसलाय, आता काय?

मुंबईत हेच जास्त होतं, कारण इथल्या गाड्या खाऱ्या हवेमुळे दर काही वर्षांनी डेंटिंग-पेंटिंगला गेल्यात आणि त्या काळात दुकानात जो डबा मिळेल तो मारलाय. पण पेंटर आळशी असतो हे आपल्या फायद्याचं. डॅशबोर्डच्या खाली, ग्लोव्ह बॉक्सच्या मागे, मागच्या सीटच्या रेक्झिनखाली, डिकीच्या झाकणाच्या आतल्या घड्यांत, दरवाजाचं ट्रिम काढल्यावर आतल्या पत्र्यावर, बॅजच्या आणि रबर बीडिंगच्या खाली, अशा ठिकाणी पहिला थर बहुतेक टिकलेला असतो. ओपन गाडीत अजून एक हमखास जागा म्हणजे टप घडी होऊन ज्या खळग्यात बसतो तिथे तळाला.

दुसरं, खिडकी काढायची. चांगल्या पत्र्यावर एक छोटी जागा घ्या, ८०० च्या वॉटर पेपरने पाणी मारत मारत उतरता खड्डा करा, सगळ्यात आत पत्रा आणि बाहेर आजचा रंग. मधे सगळ्या थरांची वलयं दिसतात. पत्र्यालगत ग्रे किंवा तांबूस प्रायमर, त्याच्यावरचा पहिला रंग बहुतेक जन्माचा. बहुतेक म्हणतोय, कारण एखादी गाडी मधे एकदा पूर्ण पत्र्यापर्यंत घासलेली असू शकते, म्हणून एकाच खिडकीवर विसंबू नका, बोनेट, दरवाजा, मागचं मडगार्ड अशा लांबलांबच्या जागा घ्या आणि सगळीकडे तोच रंग पहिला निघतो का बघा. एखाद्या पॅनेलवर वेगळा निघाला तर ते पॅनेल दुसऱ्या गाडीचं असू शकतं, तेही कळलं ना.

कोरडं घासू नका. जुन्या रंगांत शिसं असतं, ती धूळ फुफ्फुसात जाते, पोरं आसपास असतील तर अजिबात नाही. पाणी मारा, मास्क लावा.

५. आरसी बुकात रंग नुसता ब्लू लिहिलाय, त्यावरून कळेल?

नाही. ब्लू म्हणजे कुठलाही ब्लू, आणि तोसुद्धा शेवटच्या नोंदीच्या वेळचा. पण जुनं मूळ आरसी बुक असेल तर पहिल्या पानावरची पहिली नोंद बघा, निदान सापडलेला रंग त्याच कुळातला आहे का हे ताडून बघता येतं.

६. आजोबांच्या वेळचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो आहे, त्यावरून रंग सांगाल का?

कुठला रंग ते सांगता येणार नाही, पण टू-टोन होती का, टप गडद होता की फिका, व्हील बॉडीच्या रंगाचे होते की वेगळे, हे उत्तम कळतं. गडद-फिक्यावरून अंदाज बांधताना जपून, खूप जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर लाल जवळजवळ काळा यायचा आणि निळा एकदम फिका. घरात रंगीत स्लाइड असतील तर त्या शोधा, अल्बममधल्या रंगीत प्रिंटा उडालेल्या असतात, स्लाइड बऱ्याचदा चांगल्या राहतात.

७. रंग सापडला, पण आजच्या पेंटमध्ये तसाच येईल का? दुकानदार म्हणतो कॅमेऱ्याने मॅच करून देतो.

कॅमेरा समोर धरलेला तुकडा वाचतो, तो तुकडा १९६३ साली कसा होता हे त्याला माहीत नाही. उन्हातला रंग उडालेला असतो, आणि लपलेल्या जागेतला तेलाच्या बेसचा जुना एनॅमल अंधारात पिवळा पडतो, त्यामुळे पांढरे सगळे क्रीम वाटतात. म्हणून आधी तुकडा हलक्या कंपाउंडने पॉलिश करा, मग वाचू द्या, आणि कंपनीच्या रंगाचा नंबर मिळाला असेल तर मोठ्या पेंट कंपन्यांच्या जुन्या फॉर्म्युल्यांत तो सापडतो का बघायला सांगा. दोन्हीचे नमुने मारून घ्या. नमुना कार्डावर नाही, जुन्या मडगार्डचा वाकडा तुकडा घ्या, त्यावर त्याच प्रायमरवर मारा, कारण लाल आणि पिवळे रंग खालच्या प्रायमरने बदलतात. आणि तो तुकडा गॅरेजच्या ट्यूबखाली बघून ओके करू नका, सकाळी आठला, भर दुपारी आणि संध्याकाळी बाहेर काढून बघा, ट्यूबखाली जुळलेला रंग उन्हात वेगळा निघतो हे अगदी नेहमीचं आहे.

पेंट कुठला हाही मुद्दा आहे. पूर्वी बऱ्याच गाड्यांना एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर असायचं, आपल्याकडे त्याला सरसकट ड्युको म्हणतात, बऱ्याच युरोपियन गाड्यांना भट्टीत भाजलेलं सिंथेटिक एनॅमल. आज टू-के पीयू, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचं पॉलियुरेथेन पेंट मारतात, ते खाऱ्या हवेत आणि उन्हात खूप जास्त टिकतं, आणि मुंबईत उघड्यावर वापरायची गाडी असेल तर मी तेच सांगेन. फक्त साधा रंग असेल तर क्लिअर कोट न घालता डायरेक्ट ग्लॉस मारा आणि शेवटी हाताने घासून पॉलिश करा, मग तो काचेसारखा जाड थर दिसत नाही. मेटॅलिक असेल तर जास्त जपावं लागतं, जुन्या मेटॅलिकमधला कण बारीक असायचा आणि चमक दबलेली, आजचा भरड कण टाकला की १९५८ ची गाडी लग्नाच्या मांडवातली वाटते. बारीक कण मागा. टू-केच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, पेंटर रुमाल बांधून मारत असेल तर थांबवा, त्याला हवा पुरवणारा मास्क हवा, त्याच्या दम्याच्या बदल्यात आपली गाडी चकाकायला नको.

८. बॉडीचा रंग बदलला तर टप आणि सीटसुद्धा बदलायचे का?

हाच प्रश्न लोक सगळ्यात उशिरा विचारतात आणि तोच पहिला विचारायला हवा. बंद गाडीत आतला रंग काचेमागे असतो. ओपन गाडी टप पाडून मरीन ड्राइव्हला उभी केली की लांबून माणसाला आधी सीट दिसतात, मग दरवाजाचे आतले कडे, डॅशबोर्ड, कार्पेट, आणि मागे घडी केलेला टप. म्हणजे निम्मी गाडी आतल्याच रंगाची. कंपन्यांनी हे ओळखून जोड्या ठरवल्या होत्या, अमुक बॉडीला अमुकच ट्रिम आणि अमुकच टप, आणि त्या जोड्यांची पानं जुन्या ब्रोशरांत छापलेली मिळतात. लाल लेदरची मूळ सीट चांगली आहेत आणि बॉडी हिरवी करायचीय, तर जोडी बसते का ते आधी ब्रोशरात बघा. नाहीतर आधी बॉडी, मग सीट, मग टप असं एकामागून एक सगळंच बदलत जातं आणि चांगलं जुनं लेदर भंगारात जातं. माझा नियम असा की जे सगळ्यात जास्त मूळ आणि चांगलं उरलंय त्याला धरून बाकीचं ठरवायचं. सीट मूळ असतील तर सीटला धरा.

टपाचं कापड बदलणारच असाल तर रंगाबरोबर प्रकारही बघा. ६० च्या दशकातल्या साध्या ब्रिटिश ओपन गाड्यांना बहुतेक विनाइलचे टप, महागड्यांना मोहेअर (विणलेलं जाड कापड) किंवा कॅनव्हास. विनाइलच्या गाडीला मोहेअर घातला तर दिसतो छान, पण तो बदल आहे, तो फाइलला लिहा. बेज टप सगळ्यांना हवा असतो, पण मुंबईत ओला घडी केलेला बेज टप दोन दिवसांत बुरशीचे काळे ठिपके घेतो आणि ते जात नाहीत. काळा किंवा गडद निळा सोपा. आणि टपाची लोखंडी फ्रेम विसरू नका, पुष्कळ गाड्यांत ती काळी नसते, फिक्या बेज किंवा ग्रे रंगाची असते, आपल्याकडचे पेंटर सवयीने काळी मारून मोकळे होतात.

९. फक्त बाहेरून रंग बदलला, आत बोनेटखाली आणि दरवाजाच्या कडांना जुनाच ठेवला तर चालेल?

बंद गाडीतसुद्धा वाईट दिसतं, ओपनमध्ये तर प्रत्येक वेळी दरवाजा उघडला की जुना रंग पट्टी मारून दिसतो. बदलायचाच तर दरवाजाच्या कडा, टपाचा खळगा, डिकी, डॅशबोर्डचा पत्रा सगळं. तेवढी तयारी नसेल तर आहे तोच रंग परत मारा. एखादी न दिसणारी जागा मात्र मुद्दाम न रंगवता सोडा, ग्लोव्ह बॉक्समागचा हातभर पत्रा सोडलात तर जन्माचा रंग गाडीतच जपलेला राहतो.

१०. रंग बदलला की किंमत पडते का?

दुर्मीळ गाडी असेल, म्हणजे १९० एसएल, पगोडा, जग्वार एक्सके किंवा ई-टाइप, तर घेणारा डेटा कार्ड किंवा हेरिटेज सर्टिफिकेट मागतोच आणि गाडी त्याच्याशी ताडून बघतो. जुळली तर बोलणी लवकर होतात, नाही जुळली तर तो पहिला आकडाच खाली लावतो. लाल रंग लवकर विकला जातो म्हणून सगळ्या लाल करायची एक लाट होती, आज जाणकार घेणाऱ्याला लाल दिसली की तो पहिलं विचारतो, ही लालच जन्मली का. ट्रायम्फ हेराल्ड किंवा फोक्सवॅगन बीटलसारख्या गाडीत रंगापेक्षा चेसिस कुजली नाही ना याला पैसे मिळतात. पण तुम्ही विकायला करताय का वापरायला? वापरायला असेल तर हा प्रश्न इतका वर नको.

११. रॅलीत आणि कॉन्कूरमध्ये मार्क कापतात का?

साध्या रॅलीत सहसा कुणी कापत नाही. कॉन्कूरला, म्हणजे गाड्या तपासून मार्क देणाऱ्या स्पर्धेला, जज मूळपणा बघतात, तिथे जन्माचा रंग कागदासकट दाखवला तर बोलायला जागाच उरत नाही, कॅटलॉगचा रंग बऱ्याच ठिकाणी खपतो, बाहेरचा नाही. प्रत्येक कार्यक्रमाचे नियम वेगळे असतात, भाग घ्यायच्या आधी वाचा. फीवा ही जागतिक संघटना गाडी किमान ३० वर्षं जुनी आणि इतिहासाला धरून जपलेली असावी असं म्हणते, आणि तिच्या ट्यूरिन सनदेत मूळ आहे ते जपण्यावर आणि जे काम केलं त्याची नोंद ठेवण्यावर भर आहे. फाइल ठेवा म्हणतो ते म्हणूनच.

१२. मूळ पेंट अजून आहे पण फिका, चिरा पडलेला. रंगवू का?

पत्रा खात नसेल तर रंगवू नका. हलकं पॉलिश, चांगलं वॅक्स, आणि गंजाच्या जागा तेवढ्या थांबवा. जन्माचा थर एकदाच असतो, तो घासला की गेला. दादरच्या पारशी कॉलनीत वर्षानुवर्षं एकाच घरात राहिलेल्या गाड्या बघा, थोड्या फिक्या, दरवाजाच्या हँडलशेजारी अंगठीचे ओरखडे, आणि त्यापुढे नवा चकचकीत रंग मला तरी फिका वाटतो. मुंबईत अडचण एवढीच की चिरेतून खारी हवा पत्र्यापर्यंत जाते, म्हणून दर पावसाळ्यानंतर खालून तपासा, फुगे दिसले तर तेवढा भाग करा.

१३. आरटीओत कळवायला लागतं का? आपली गाडी, आपला रंग.

लागतं. रंग ही आरसीवरची नोंद आहे आणि मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल परस्पर करता येत नाही. आधी तुमच्या आरटीओत, ताडदेव, वडाळा, अंधेरी, बोरिवली जे असेल तिथे अर्ज करा, मग रंगवा, मग गाडी दाखवून नोंद बदलून घ्या. आरसी, इन्शुरन्स, पीयूसी लागतंच, बाकी यादी खिडकीवर विचारा. इन्शुरन्स कंपनीलाही नवा रंग कळवा. खासगी गाडीची आरसी १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी रिन्यू होते आणि तेव्हा इन्स्पेक्टर गाडी समोर ठेवूनच बघतो, रंग जुळला नाही की फेऱ्या सुरू.

यातला फसवा भाग असा की गाडी जन्माच्या रंगावर परत नेलीत तरी आरसीवर आजचा रंग असेल तर कागदावर तो बदलच. मूळचाच तर केलाय, असं सांगून चालत नाही. जन्मदाखला अर्जाला जोडा, बोलणं सोपं जातं.

१४. व्हीए नंबर घ्यायचाय, रंग बदललेला चालतो का?

जुलै २०२१ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात जपलेली, चेसिस, बॉडी शेल आणि इंजिनात मोठा बदल नसलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर व्हीए येतं, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, पुन्हा नोंदणीला ५,०००, मुदत १० वर्षं. त्या तीन गोष्टींत रंग नाही, पण मूळ स्वरूप हे शब्द आहेत, आणि गाडी तपासणारे लोक असतात, त्यामुळे जन्माचा किंवा निदान कॅटलॉगचा रंग असलेला बरा. व्हीए घेतली की रोजच्या वापराला गाडी काढता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढंच, हेही धरून ठरवा. आरसीचं प्रश्न १३ मध्ये आहे.

१५. माझी लष्करातून आलेली जुनी जीप आहे, मूळ रंग ऑलिव्ह ग्रीन. तोच मारू ना?

थांबा, मारू नका. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चा नियम १२१ आहे, ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. खासगी गाडीला जन्माचा असला तरी रस्त्यावर अडवतील. इथे माझा सगळा आग्रह बाजूला ठेवावा लागतो. आरटीओकडून लेखी उत्तर मिळेपर्यंत नागरी जीपचा रंग निवडा, विलीसच्या युद्धानंतरच्या सीजे-२ए ला पाश्चर ग्रीन, हार्वेस्ट टॅन असे सुंदर रंग होते, आणि माझगावला महिंद्राने ४० च्या दशकाअखेरीस विलीसच जोडायला घेतल्या होत्या, त्यामुळे मुंबईच्या जीपला ते शोभतातही. तेव्हाच्या गडद हिरव्या ब्रिटिश गाड्यांचे मालकही हे विचारतात. ब्रिटिश रेसिंग ग्रीन म्हणजे ऑलिव्ह नाही, पण शेड मातकट-पिवळट बाजूला झुकली तर उगाच वाद होतो, नमुना बघताना लक्ष ठेवा.

१६. मुंबईच्या हवेत कुठला रंग टिकतो?

चांगल्या टू-केमध्ये आता बहुतेक सगळे टिकतात. तरी लाल लवकर फिका पडतो. काळा आणि गडद निळा उन्हात तापतात आणि पत्र्यातली प्रत्येक लाट दाखवतात, डेंटर पक्का नसेल तर काळ्याच्या नादी लागू नका. पांढरा, क्रीम, फिका ग्रे सोपे, पण गंजाचा ओघळ त्यांच्यावर लगेच दिसतो, तो खरं तर फायदाच. कबुतराची घाण कुठलाच रंग सोडत नाही, त्याच दिवशी पाण्याने धुवा, कोरडी खरवडू नका. उघड्यावर उभी करत असाल तर कापडी कव्हर, प्लास्टिकचं नको, आत घाम धरतं.

१७. दसऱ्याला पूजा करायचीय, तोवर रंगवून मिळेल का?

मिळेल, पण घाई कुणासाठी? ऑगस्ट-सप्टेंबरच्या दमट हवेत एनसी लॅकर मारलं की पांढरं धुकं धरतं, पुट्टी आणि प्रायमर ओल पितात आणि वर्षभराने फुगे येतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा मुंबईतला खरा हंगाम. बंद बूथ आणि हवेतलं पाणी काढणारा फिल्टर असेल तर आधीही जमतं. आणि नव्या रंगाला निदान महिनाभर वॅक्स नाही, कव्हर नाही, आणि हळद-कुंकू थेट पत्र्यावर नाही. स्वस्तिक काचेवर काढा, झेंडूचा हार बंपरला बांधा, हळदीचा हात बेज टपाला लागू देऊ नका, तो डाग निघत नाही.

१८. रंगवण्याऐवजी रॅप केला तर? हवा तेव्हा काढता येईल.

नव्या गाडीला ठीक. जुन्या रंगावर चिकटवलेली फिल्म काढताना रंग घेऊन निघते, आणि कडांमधून ओल आत जाऊन खाली गंज चालू राहतो, दिसतही नाही. रंग वेगळा दिसतो म्हणून आरटीओचा मुद्दा सुटत नाहीच.

१९. फॅक्टरीत हिरवी होती, पण आमच्या घरी पहिल्यापासून क्रीमच होती. आई म्हणते क्रीमच हवी.

क्रीम करा. गाडी घरची आहे आणि घरात तिची चाळीस-पन्नास वर्षं क्रीममध्ये गेली असतील तर तोही तिचा खरा इतिहास आहे, आणि आईसमोर हिरवी आणून उभी केली तर ती म्हणेल ही आमची नाहीच. क्रीम कॅटलॉगमधला असेल तर अगदी उत्तम. हिरव्याची नोंद आणि एक न रंगवलेली जागा मात्र ठेवा (प्रश्न ९).

२०. प्रीमियर पद्मिनीचा टप कापून ओपन केलेली गाडी घेतोय, हिचा मूळ रंग कसा ठरवू?

रंगाच्या आधी गाडीचाच विचार करा. पद्मिनी म्हणजे फियाट ११००, तिला वेगळी चेसिस नाही, टप हा ताकदीचा भाग आहे, तो कापला की मधे वाकते, दरवाजे अडकतात, धडकेत धोका. कायद्यानेही हा रंगासारखा साधा बदल नाही, व्हीए तर विसराच. तरी घेतलीतच तर खालची बॉडी ज्या पद्मिनीची आहे तिचा जन्माचा रंग धरा. ट्रायम्फ हेराल्डचं वेगळं आहे, तिला स्वतंत्र चेसिस आहे आणि सलूनचा, म्हणजे बंद गाडीचा टप बोल्टवर बसतो, म्हणून सलूनच्या ओपन केलेल्या खूप फिरतात. इंग्लंडमध्ये बनलेल्या हेराल्डच्या कमिशन नंबरच्या शेवटी सीव्ही असेल तर ती कन्व्हर्टिबल जन्मली, नसेल तर तिच्या टपाला मूळ रंग असा नाहीच, बॉडीला शोभेल तो घाला.

२१. काळी बॉडी, पिवळा टप करू का? मुंबईची आठवण म्हणून.

खासगी गाडीला नको. काळी-पिवळी ही इथे टॅक्सीची ओळख आहे, आणि पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावरून गेल्या म्हणून ती जोडी मोकळी झाली असं नाही, बाकीच्या टॅक्सी त्याच रंगात धावतायत. ट्रॅफिक पोलीस थांबवेल आणि आरटीओत नोंद करताना अडेल. काळ्यावर पिवळाच हवा असेल तर सीटच्या पायपिंगला द्या, टप काळाच ठेवा.